पोत्यातलं सोयाबीन ताटात

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. जूनमध्ये पेरतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला काढतात. पोत्यात भरतात, टेंपोत चढवतात. घराच्या अंगणातून जातं, पण स्वयंपाकघरात काही येत नाही. ओळखा पाहू कोण?

कऱ्हाड, वाळवा, पलूस या भागातल्या मुलांनी एव्हाना हात वर केला असेल. बरोब्बर, सोयाबीन! आपल्या कृष्णाकाठचं हे मोठं पीक. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज इथं कृषी संशोधन केंद्र आहे. 'फुले संगम', 'फुले किमया' अशी सोयाबीनची वाणं तिथंच तयार झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनंही सोयाबीनची नवी वाणं शेतकऱ्यांना दिली. एवढं सगळं आपल्या दारात. पण "काल रात्री जेवायला सोयाबीन होतं," असं तुमच्यापैकी किती जण म्हणतील? दुकानातल्या सोयाबीनच्या वड्या सोडून बोला हं!

हे कोडं माझं नाही. ते माझ्या भाचीनं मला घातलं. त्याची गोष्ट ऐका, आणि मग आपण मिळून एक पदार्थ करू. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ असा टोफू, आणि त्याच्याबरोबर परतलेल्या भाज्या.

मी कोयनानगरला राहते हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथला पाऊस म्हणजे पाऊस! वर्षाला चार-पाच हजार मिलीमीटर. जून ते सप्टेंबर आमच्याकडं कुरकुरीत असं काही राहतच नाही. पापड हातात वाकतो, चिवडा सादळतो, काडेपेटी चुलीशेजारी ठेवावी लागते. त्यामुळं कुरकुरीत म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला इतरांपेक्षा जरा जास्तच पडतो.

तर, दिवाळीच्या सुट्टीत माझा भाऊ आला. त्याची शेती कऱ्हाडजवळ. बरोबर माझी आई आणि आठवीतली भाची. दरवर्षी ही पोरगी गाडीतून उतरते ती थेट धरण बघायला पळते. या वेळी मात्र तोंड फुगवून पायरीवर बसली. काय झालं म्हणून विचारलं, तर एका दमात सगळं बोलून गेली.

ऐन काढणीत तीन दिवस पाऊस झाला होता. भिजलेलं सोयाबीन घरच्यांनी जमेल तसं वाळवलं आणि विकायला नेलं. तिथं व्यापाऱ्यानं मूठभर दाणे एका छोट्या यंत्रात टाकले. यंत्रानं ओलावा दाखवला १७. झालं! भाव उतरला. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असावा, असा नियम आहे. २०२४ च्या खरिपापुरती ती मर्यादा १५ टक्के केली होती. यांचा आकडा दोन्हींच्या वरचा.

"आत्या, पाणी काय आम्ही घातलं होतं का?" ती म्हणाली.

यावर मला उत्तर सुचलं नाही. माझा भाऊ काही न बोलता गाडीतली पिशवी काढत होता. तीत पाच किलो सोयाबीन होतं. घरी नीट वाळलेलं, निवडलेलं, डाग नसलेलं. "ठेव, कुणाला बियाण्याला लागलं तर," म्हणाला.

भाचीनं पिशवीत हात घातला. पिवळे, गोल, वाटाण्यापेक्षा लहान दाणे. मग म्हणाली, "आपण हे खात का नाही?"

आई कोपऱ्यातून म्हणाली, "अगं, कोंबड्यांचं खाणं ते!"

आईचं अगदीच चूक नाही बरं का. कारखान्यात सोयाबीनमधून तेल काढतात. १०० किलो दाण्यांत साधारण १८ ते २० किलो तेल असतं. उरते ती पेंड, आणि ती मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. कोंबड्यांना ती का देतात? तर तिच्यात प्रथिनं भरपूर असतात म्हणून. आपली तूरडाळ घ्या. १०० ग्रॅम डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. सोयाबीनच्या दाण्यांत तीच ३५ ते ४० ग्रॅम! प्रथिनं म्हणजे आपल्या शरीराच्या भिंतींच्या विटा. उंची वाढणाऱ्या वयात त्या जास्त लागतात. म्हणजे कोंबड्या आपल्यापेक्षा हुशार निघाल्या की!

आपल्याकडं सोयाबीन खायचा विचार कुणी केलाच नव्हता, असं मात्र नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमाच्या जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले आणि 'हरिजन' साप्ताहिकात त्याबद्दल लिहिलं. गरिबाला स्वस्तात पोषण मिळावं, ही त्यामागची तळमळ. पण सोयाबीन तुरीसारखं पटकन शिजत नाही, आणि त्याला एक उग्र वासही असतो. म्हणून ते आपल्या ताटात रुळलं नसावं, असं मला वाटतं.

चीनमध्ये लोकांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. दाणे भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, त्या दुधाला उकळी द्यायची आणि ते नासवून वडी पाडायची. तीच वडी म्हणजे टोफू. आपण दुधाचं पनीर करतो ना, अगदी तसं. ही विद्या पुढं जपानला गेली. तिथं १७८२ साली टोफूच्या शंभर पदार्थांचं एक पुस्तक छापलं गेलं आणि ते खूप गाजलं. एका वडीचे शंभर पदार्थ! आपण आज एकच करणार आहोत, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

मोठ्या शहरांत टोफू दुकानात मिळतो. आमच्या इथल्या दुकानात मी मागितला, तर दुकानदारानं मला टॉफी दिली. म्हणून घरीच करायचं ठरलं.

टोफूसाठी साहित्य

सोयाबीन २५० ग्रॅम, पाणी २ लिटर, लिंबाचा रस ४ मोठे चमचे, एक स्वच्छ पंचा किंवा मलमलचं फडकं.

कृती

१. दाणे निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. आठ-दहा तासांत ते फुगून दुपटीहून मोठे होतात. काळपट, बुरशीचे दाणे फेकून द्या, त्यांचा मोह नको.

२. सकाळी दाणे हातानं चोळा. सालं सुटून वर तरंगतील, तेवढी ओतून टाका. सगळी निघाली नाहीत तरी चालेल.

३. दोन लिटरमधलं थोडं थोडं पाणी घालत मिक्सरवर अगदी बारीक वाटा. उरलेलं पाणी त्यात मिसळा आणि पंचातून पिळून गाळा. खाली आलं ते सोयाबीनचं दूध, पंचात उरला तो चोथा. चोथा टाकायचा नाही! त्याचं काय करायचं ते पुढं सांगते.

४. दूध मोठ्या पातेल्यात तापवा. पातेलं अर्धंच भरा, कारण या दुधाला फेस फार येतो आणि बघता बघता तो बाहेर धावतो. सतत ढवळत राहा, नाहीतर तळाशी लागेल. उकळी आली की आच बारीक करून पंधरा मिनिटं उकळू द्या. यात कंटाळा करायचा नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये असे काही घटक असतात, की त्यांच्यामुळं आपल्याला प्रथिनं नीट पचत नाहीत. उकळल्यानं त्यांचा जोर जातो आणि उग्र वासही कमी होतो.

५. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. लिंबाच्या रसात अर्धी वाटी पाणी घाला आणि ते तीन वेळा थोडं थोडं करून दुधात सोडा. हलक्या हातानं एकदाच ढवळा, झाकण ठेवा आणि दहा मिनिटं विसरून जा. झाकण काढाल तेव्हा पांढरे गोळे आणि पिवळसर, नितळ पाणी वेगळं झालेलं दिसेल. पाणी अजून दुधाळ असेल तर चमचाभर रस आणखी घाला.

६. हे सगळं पंचा घातलेल्या चाळणीत ओता. पंचा दुमडून वर वजन ठेवा.

इथंच आमचा पहिला दिवस फसला. भाचीला दम निघेना. पाच मिनिटांत तिनं पंचा सोडला, तुकडे कापले आणि तव्यावर टाकले. तव्यावर तडतड झाली, पाणी सुटलं, आणि तुकड्यांचा भुगा झाला. पोरीच्या डोळ्यांत पाणी. "माझंपण ओलंच निघालं," म्हणाली. मला कळलं, की ती टोफूबद्दल बोलत नाही.

आईनं मात्र कमाल केली. उठली, त्याच तव्यात कांदा, हिरवी मिरची, हळद घातली आणि त्या भुग्याची भुर्जी करून टाकली. दात राहिलेत चार, पण वाटीभर खाल्ली. "मऊ आहे, मला चालतं," एवढंच म्हणाली. कोंबड्यांचं नाव काही काढलं नाही!

रात्री भाची आणि मी पुन्हा दाणे भिजत घातले. ती म्हणाली, "उद्या पाण्याला सोडायचं नाही." आणि आमचं दोघींचं बोलणं सुरू झालं, की कुरकुरीत म्हणजे काय?

तुम्हीही विचार करा. भजी तेलात सोडली की बुडबुडे येतात. ते बुडबुडे कशाचे? तेल काही उकळत नसतं. भज्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं! पाणी १०० अंशाला उकळतं. (आमच्याकडं उंचीमुळं दोनेक अंश आधीच.) जोवर पदार्थाच्या अंगावर पाणी आहे, तोवर त्याचं अंग त्याहून फारसं तापत नाही. ते पाणी संपलं की अंग कोरडं होतं, आणखी तापतं, तांबूस होतं, खमंग वास सुटतो आणि वर कडक पापुद्रा धरतो. म्हणजे काय, तर कुरकुरीत करायचं म्हणजे वरचं पाणी घालवायचं. तेल ओतत राहून ते होत नाही, दम धरला तर होतं.

दुसऱ्या दिवशी भाचीनं पंच्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर वरवंटा. मग घड्याळ समोर घेऊन बसली. दर दहा मिनिटांनी खालचं पाणी ओतून टाकायची. चाळीस मिनिटं झाली. तिनं वजनही केलं होतं. वरवंटा ठेवण्याआधी ४१० ग्रॅम, नंतर ३४० ग्रॅम. "७० ग्रॅम पाणी गेलं," तिनं वहीत लिहिलं. वडी कशी, तर बोटानं दाबली तरी मोडेना.

कुरकुरीत टोफू आणि भाज्यांसाठी साहित्य

दाबून घट्ट केलेला टोफू, तांदळाची पिठी ३ मोठे चमचे, हळद पाव चमचा, कांदा-लसूण मसाला १ चमचा, मीठ, तेल ४ मोठे चमचे. भाज्या : १ गाजर, १ ढोबळी मिरची, १०-१२ फरसबीच्या शेंगा, वाटीभर चिरलेला कोबी, कांद्याची पात. शिवाय आलं-लसूण बारीक चिरून १ चमचा, अर्धं लिंबू आणि सुपारीएवढा गूळ.

कृती

१. टोफूचे शंकरपाळ्यापेक्षा थोडे मोठे, बोटभर जाड तुकडे कापा. फडक्यानं हलकेच टिपून घ्या.

२. हळद, मीठ आणि अर्धा चमचा मसाला तुकड्यांना चोळा. दहा मिनिटं ठेवा. पाणी सुटलं तर पुन्हा टिपा.

३. आता, आणि आत्ताच, तांदळाची पिठी भुरभुरून तुकडे सगळ्या बाजूंनी घोळवा. आधीपासून पिठी लावून ठेवाल, तर ती ओली होऊन चिकट होईल. वर राहिलेलं ओलं पिठी शोषून घेते आणि तिचाच पापुद्रा होतो. आमच्या कोयनेच्या खोऱ्यात भात पिकतो, त्यामुळं पिठी प्रत्येक घरात असतेच.

४. लोखंडी तवा चांगला तापवा. तीन चमचे तेल घाला. तुकडे एकमेकांना न चिकटतील असे लांब लांब ठेवा. एकदम सगळे कोंबले, तर तवा थंड पडतो, वाफ कोंडते आणि तुकडे तळायचे सोडून शिजतात. दोन खेपा करा.

५. ठेवलेत ना? आता हात मागं! चार मिनिटं उलथन्याला हात लावायचा नाही. खालची बाजू तांबूस झाली की तुकडा आपण होऊन तवा सोडतो. सोडत नसेल, तर तो अजून तयार नाही असं समजा. मग उलटा आणि दुसरी बाजूही तशीच करा. तडतड मंदावली की समजायचं, वरचं पाणी गेलं. तुकडे जाळीवर किंवा चाळणीत काढा. ताटलीत एकावर एक रचले, तर स्वतःच्याच वाफेनं सादळतील.

६. भाज्या लांबट, एकसारख्या चिरा. कढईत उरलेलं चमचाभर तेल कडक तापवा. आलं-लसूण घाला आणि लगेच फरसबी आणि गाजर. तीन मिनिटांनी कोबी, ढोबळी मिरची. आच मोठीच ठेवा, झाकण ठेवू नका. उरलेला मसाला आणि गूळ घाला. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ घातलं की भाजीला पाणी सुटतं. भाज्या दाताखाली कचकन लागल्या पाहिजेत.

७. गॅस बंद करा, लिंबू पिळा, पात घाला, आणि सगळ्यांत शेवटी टोफू. दोनदा हलवा की थेट ताटात! ज्वारीच्या भाकरीबरोबर किंवा गरम भाताबरोबर वाढा.

आणि तो चोथा? तो ज्वारीच्या आणि डाळीच्या पिठात घालून कांदा, तीळ, कोथिंबीर मिसळा आणि थालीपीठ लावा. चोथा पूर्ण शिजायला हवा, म्हणून थालीपीठ पातळ थापून, झाकण ठेवून बारीक आचेवर दोन्हीकडून नीट भाजा.

दोन सूचना, आणि त्या मोडायच्या नाहीत. उकळतं दूध आणि तापलेलं तेल यांच्याशी काम करताना मोठं माणूस शेजारी हवंच. 'मला येतं' म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे! दुसरं, काहींना सोयाबीन सोसत नाही. अंगाला खाज सुटते, ओठ सुजतात. तुमचं तसं होत असेल, तर हाच पदार्थ दुधाच्या पनीरचा करा.

आता राहिली गोष्ट. त्या दिवशी दुपारी पानं मांडली. भाचीनं पहिला तुकडा आजीला दिला. मी म्हटलं, "अगं, आजीला कसा चावेल?" आईनं तो भाकरीवर ठेवून अंगठ्यानं दाबला. वरचा पापुद्रा करकन मोडला, आतलं मऊ बाहेर आलं. "आत माझं आणि बाहेर तुमचं," म्हणाली आणि खाऊ लागली.

माझा भाऊ गप्प जेवत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की हे कशाचं आहे. त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी भाचीला राहवेना.

"पप्पा, ओळखा कशाचं?"

"पनीर."

"आपल्या पिशवीतलं सोयाबीन!"

तो हातातल्या तुकड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एवढी वर्षं पिकवतोय. चव आज कळली."

यानं काय झालं? त्या पोत्यांचा उतरलेला भाव वाढला का? नाही. एका ताटानं बाजार बदलत नाही, आणि तसं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. काढणीच्या वेळचा पाऊस पुढच्या वर्षीही येईल. पण जाताना भाऊ दारात थांबला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला चार पायली घरात ठेवायचं. आधी घरचं, मग टेंपो." भाची लगेच म्हणाली, "आणि वाळवायचं काम माझ्याकडं!" वहीत तिनं ओलाव्याचे आकडे लिहायला एक पान मोकळं सोडलंय म्हणे.

तुम्हाला या आठवड्याचा अभ्यास असा. टोफू दाबायच्या आधी आणि नंतर तोला, किती पाणी गेलं ते लिहा. एक तुकडा टिपून, पिठी लावून तळा आणि एक तसाच ओला तळा. दोन्ही खाऊन बघा आणि फरक घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा. आणि तुमच्या घरी सोयाबीन पिकत असेल, तर ते पिकवणाऱ्याच्या पानात पहिला गरम तुकडा वाढा. त्यांनी तो कदाचित कधीच खाल्ला नसेल.

पसारा आवरायला विसरू नका हं! वरवंटा जागच्या जागी.

तुमची,
कोयनानगरची आत्या